करीमभाऊंचा गोंद आणि माझा संशय

करीमभाऊ मिस्त्रींना साठावे वर्ष लागले. त्यांच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे. कारण आमच्या ओळखीची सुरुवात मी त्यांच्यावर घेतलेल्या संशयाने झाली.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. मार्कंड्याच्या घाटावर वैनगंगा ओलांडण्यासाठी सरकारी नाव बांधायची होती आणि ती महाशिवरात्रीच्या जत्रेपूर्वी पाण्यात हवी होती. मी नवा ओव्हरसिअर. फळ्या जोडायला मुंबईहून एपॉक्सी नावाचा दोन डब्यांचा गोंद आला होता. एका डब्यात घट्ट राळ, दुसऱ्यात तिला कडक करणारे द्रव्य. नाव बांधायला घेतलेल्या करीमभाऊंनी डबा उघडून वास घेतला, झाकण लावले आणि विचारले, "साहेब, हा गोंद थंडीपावसात कोणी वापरून पाह्यला का?"

मला तो प्रश्न खोडसाळ वाटला. त्यांची सारी हयात खिळे ठोकण्यात आणि फटींत डांबर-सुतळी भरण्यात गेली होती. नवा गोंद चालला तर यांची गरज संपेल, म्हणून हे खोडा घालणार, असे मी मनाशी पक्के केले.

त्या माघात थंडी हटेना, त्यात अवकाळी पावसाची झड लागली. मी आग्रह धरून उघड्या घाटावरच फळ्या जोडून घेतल्या, वर ताडपत्री ओढली. चार दिवसांनी सांध्यावर बोट ठेवले तर चिकट. वर मेणासारखा पांढुरका थर. करीमभाऊंनी मुद्दाम माप चुकवले, यात मला शंका उरली नाही. त्यांना एका शब्दाने न विचारता मी चांद्याच्या कचेरीला लिहून कळवले की, मिस्त्री काम बिघडवतात, त्यांना काढावे.

आठवड्याने मोठे इंजिनिअर साहेब आले. त्यांनी माझे पत्र सर्वांसमोर वाचले. करीमभाऊ उठले. छपरीत जाऊन त्यांनी सागाचे दोन जोड आणले. दोन्ही एकाच दिवशी, त्याच डब्यांतून, त्याच मापाने केलेले. एक बाहेर ओलाव्यात ठेवलेला. दुसऱ्याचे लाकूड आधी चुलीशी सुकवले होते, डबे कोमट पाण्यात ठेवून मग गोंद कालवला होता आणि जोड शेगडीजवळ ठेवला होता. साहेबांनी हातोडा मारला. पहिला जोड केळीच्या सालीसारखा सुटला. दुसरा सुटलाच नाही. शेजारचे लाकूड फुटले, पण सांधा तसाच राहिला.

"गोंद खोटा नाई साहेब," करीमभाऊ म्हणाले. "त्याले ऊब पाहिजे, लाकूड कोरडं पाहिजे. इथी दोन्ही नाई."

साहेब खूश झाले. पण जत्रेपूर्वी नाव हवी, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. त्यांच्यावर वरिष्ठांचा दबाव होता. सांध्यांवर पट्ट्या ठोकून चालवून घ्या, असे त्यांनी सुचवले. करीमभाऊंनी अवजारांची पेटी उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "मंग दुसरा मिस्त्री आना. याच्यात लेकुरवाळ्या बाया बसतीन. माह्या हातानं नाई होत."

जत्रा जुन्या डोंग्यांवरच पार पडली. जत्रेची कमाई बुडू नये म्हणून डोंगेवाल्यांनी मिस्त्रींना फितवले, अशी कुजबुज घाटावर दोन आठवडे चालली. ती त्यांच्या कानावर जात होती. त्यांनी नावेभोवती बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा उभारला. प्रत्येक सांधा उकलला, मऊ गोंद खरवडला, तो मेणचट थर पाण्याने धुतला, लाकूड सुकवले आणि शेगड्यांच्या उबेत पुन्हा जोडले. नाव पाण्यात गेली तेव्हा आधी रेतीची पोती भरून तिला नदीच्या मधोमध नेले. पुढच्या फेरीला पहिल्या बसल्या त्यांच्या पत्नी अमीनाबाई, आणि वल्ह्यावर स्वतः करीमभाऊ.

त्या संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. त्यांनी मला खाटेवर बसवले, बाईंनी चहा दिला. मग करीमभाऊ म्हणाले, "शंका मले बी आली होती, गोंदाची. मी त्याले पारखून पाह्यलं. तुम्हाले माही शंका आली, त मले काऊन नाई इचारलं?"

त्यानंतर त्या घाटावर आम्ही सहा नावा बांधल्या. मी आजारी पडलो तेव्हा पावसात मला वरोऱ्याच्या दवाखान्यात नेणारे तेच होते. माझा स्वभाव अजूनही संशयी आहे. मात्र कोणाविरुद्ध लिहायला बसलो की आधी उठून त्या माणसाकडे जातो. ही सवय करीमभाऊंनी लावली.

ते आजही रोज रंधा हाती घेतात. त्यांचे हात असेच चालत राहोत, डोळ्यांना फळीची बारीक चीर दिसत राहो आणि अमीनाबाईंसह त्यांना निरोगी, निवांत अशी पुष्कळ वर्षे लाभोत.