तिने उघडून पाहिलेली चित्रे

जुनी खुर्ची उसवली की तिच्या पोटातून माणसांचे काय काय बाहेर येते, हे सोफेवाल्या काकांना पुरते ठाऊक होते. बैठक आणि पाठ यांच्यामधल्या खाचेत पेनांची टोपणे, एकटेच राहिलेले कानातले, खेळण्यातल्या गाडीचे चाक, कधीकाळी घरात मोठ्या भांडणाला कारण झालेली किल्ली. काका ते सारे एका पिशवीत घालून खुर्चीबरोबर परत करीत. "हे आमचं नाहीच," असे म्हणून गिऱ्हाइकाने पिशवी बाजूला सारली, तरी ते वाद घालत नसत.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढे कापडाचे तागे, मध्ये बेतायचे मोठे टेबल, मागे फोमच्या लाद्या. शिवणयंत्रावर भाची बसे. बहिणीची मुलगी, जिभेने फटकळ आणि हाताने सफाईदार. त्याआधी कित्येक वर्षे त्या यंत्रावर काकांची पत्नी बसत असे. तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा सरत आला होता. ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी काकांचा फोन टेबलावरून पडून कामातून गेला, तेव्हा भाचीने त्यांचे सिमकार्ड मामीच्या फोनमध्ये घातले. "चांगला चालतोय, कशाला धूळ खात ठेवायचा?" एवढे बोलून तिने विषय संपवला होता.

त्या फोनवर काका कापडांचे आणि तयार खुर्च्यांचे फोटो काढून ठेवीत व गिऱ्हाइकांना दाखवीत. अडचण अशी की गॅलरी उघडली की खुर्च्यांच्या अधूनमधून पडदे, चपला, पाण्याच्या बाटल्या, चाकांच्या प्रवासी बॅगा अशी भलतीच चित्रे डोकावत. दातांच्या दवाखान्यातल्या बाई बाकांसाठी रेक्झिन पसंत करायला आल्या, तेव्हा त्यांनी दोनतीनदा बोट सरकवले आणि हसू दाबत विचारले, "काका, चपलांनापण कव्हर शिवता की काय?"

"पायांची मापं द्या, बघू," भाची यंत्रावरून म्हणाली.

बाई गेल्यावर तिने फोन हातात घेतला. "मामा, हा उकिरडा झालाय नुसता. खरेदीच्या अ‍ॅपचा कचरा आहे हा. त्यात जे जे बघावं त्याचं चित्र ते अ‍ॅप फोनमध्ये साठवून ठेवतं, पुढच्या वेळी लवकर दिसावं म्हणून. आणि गॅलरी बिचारी, दिसेल ते चित्र उचलून मांडते. थांब, काढते."

काका 'नको' म्हणणार होते. पण नको का, हे सांगावे लागले असते. ते खुर्चीचे पट्टे ताणायला मागे गेले. परत आले तेव्हा गॅलरीत फक्त खुर्च्या होत्या.

त्या 'का'चे उत्तर असे होते. घरात फोटो काढणारी पत्नीच असल्यामुळे फोटोंत ती क्वचितच सापडे. दुपारी जेवणानंतर यंत्र थांबे, तेव्हा ती ताग्यांना टेकून घटकाभर फोन पाहत बसे. काय पाहतेस, असे काकांनी कधी विचारले नव्हते. त्यात हेटाळणी नव्हती, विचारण्यासारखे काही असेल असे वाटलेच नव्हते. एकदा तिने आपण होऊन फोन पुढे केला होता. गवती हिरवा पडदा होता. काका "हं" म्हणाले आणि पिना ठोकत राहिले. ती गेल्यावर एका दुपारी गॅलरीत तोच पडदा अचानक समोर आला. मग त्यांच्या ध्यानात आले की ही सगळी तिच्या नजरेखालून गेलेली चित्रे आहेत. तिचा चेहरा नव्हे. तिने जिकडे पाहिले ते.

तेव्हापासून ते रोज दुपारी तिच्याच जागी टेकून ती चित्रे पाहू लागले. हळूहळू त्यांना एक भेद कळला. काही चित्रे बारीक होती, मोठी केली की धुरकट होत. काही मात्र मोठी आणि स्वच्छ होती, कापडाचा धागा दिसेल इतकी. जी तिने नुसती सरकवली ती बारीक. जी बोट ठेवून उघडली ती मोठी. मोठ्यांत खुर्ची एकही नव्हती, आणि ते समजण्यासारखे होते. पडदा होता, चपलांचे दोन जोड होते. बाकी सगळ्या बॅगा. निळी, करडी, बाजूला कप्पा असलेली, नसलेली.

ती दोघे लग्नकार्याला आणि आजारपणाला सोडून कुठे गेली नव्हती. जाऊ या, असे ती कधी म्हणाली नव्हती. ज्या घरात कामाचे, वेळेचे आणि पाहुण्यांचे बोलणे रोजच होते, तिथे मनात नुसतीच येऊन गेलेली गोष्ट बोलायला निमित्त सापडत नाही. आणि निमित्तावाचून बोलण्याची सवय दोघांनाही नव्हती. तिने ते फोनमधल्या एका परक्या दुकानाच्या खिडकीत पाहिले. त्याची खूण कोणा यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी जपली होती. आता ती खूणही गेली, असे काका धरून चालले.

पुढचे काही दिवस ते दुपारी फोन घेत नसत. जेवण झाले की लगेच जुने फोम फाडायला बसत. भाची एकदा म्हणालीही, "मामा, सरकारने दुपारची झोप बंद केली का?" ते हसले नाहीत. एका खुर्चीचे माप चुकले, कापड तोकडे पडले. तिने ते मुकाट्याने जोड देऊन सावरले.

मग फोन अडखळू लागला. फोटो काढायला गेले की जागा शिल्लक नाही म्हणून सांगे. भाचीने चाळून पाहिले. "हं, तेच. त्या दिवशी लपवलेल्या फोल्डरने जागा खाल्लीय. आता उडवूनच टाकते."

काकांच्या हातातली कात्री थांबली. "लपवलेली? म्हणजे चित्रं आहेत?"

"आहेत की. मी कुठं पुसली? टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक रिकामी फाइल आत ठेवली. ती दिसली की गॅलरी त्या फोल्डरमध्ये डोकावत नाही. दारावर पाटी लावल्यासारखं." तिचे बोट 'हटवा'वर आले होते.

"थांब."

आवाजात असे काही होते की तिने फोन टेबलावर ठेवला. काका बसले आणि त्यांनी तिला सांगितले. पडद्याचे सांगितले, बारीक आणि मोठ्या चित्रांचे सांगितले. सांगताना ते कापडाची कड नखाने सारखी करीत होते.

"कुठं जायचं होतं तिला? तुला काही बोलली होती?" त्यांनी विचारले.

"नाही मामा. मला वाटायचं ती भिशीतल्या बायकांचे निरोप वाचतेय." मग ती म्हणाली, "पण ती चित्रं तिथं राहणार नाहीत. ते फोल्डर अ‍ॅपचं आहे. त्याला वाटलं की ते जुनी चित्रं आपणच काढून टाकतं. काही गेलीही असतील. राहिलेली दुसरीकडे हलवते. मोठी तेवढीच घेऊ?"

"सगळी घे. नापसंत केली ती पण तिनेच केली."

"मग जागेसाठी तुझ्या जुन्या खुर्च्या काढाव्या लागतील."

"काढ. त्या लोकांच्या घरी आहेत."

भाचीने नवे फोल्डर उघडले. "नाव काय देऊ? मामीचं देऊ?"

"त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नाही."

"मग काय म्हणायचास?"

"अगं म्हणायचो."

तिने तेच लिहिले, चित्रे हलवली आणि विचारले, "यात ती रिकामी फाइल टाकू ना? नाहीतर दवाखान्यातल्या बाई पुन्हा चपला मागतील."

"टाक. पण मला आत जायची वाट दाखव."

तिने दाखवली; आधी इथे, मग या आतल्या साठ्यात, मग खाली. काकांना दोनदा जमले नाही, मग जमले. करडी बॅग उघडली. दोन बोटांनी मोठी करून त्यांनी तिची चाके पाहिली, मूठ पाहिली, कडेची दुहेरी शिवण पाहिली.

"हिच्यात कपडे किती मावत असतील?" त्यांनी विचारले.

भाची यंत्रात दोरा ओवत होती. "ते किती दिवस जायचंय त्यावर आहे."

"ते काही ती बोलली नाही," काका म्हणाले, आणि पुढचे चित्र उघडले.