भोंग्यातला बोळा

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे आण्णा म्हणायचो, मिस्त्री म्हणून सोनं होता आणि माणूस म्हणून दगड. अणदूरला आमचं दुकान होतं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायची, सडकेवर कुणाची मोटार बसली तर ती उठवायची, असा धंदा. मी सव्वीस वर्षांचा लग्न झालेला बाप्या, आणि आण्णा मला गिऱ्हाइकांसमोर कानफटात द्यायचा. एकदा बायको भाकरी घेऊन आली होती, तेव्हाही दिली. ती भाकरी ठेवून घरी गेली.

राज्य निजामाचं, त्यात लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. अशात गावच्या इनामदारांनी, त्यांना सगळे मालक म्हणत, एक जुनी विलायती मोटरसायकल घेतली. सोलापूरच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी तिला सडकेवर मागं टाकून गेली आणि सगळी धूळ मालकांच्या फेट्यावर बसली. मालकांना ते लई लागलं. त्यांनी व्यापाऱ्याला शर्यत लावली, चंपाषष्ठीच्या जत्रेला, खंडोबाच्या देवळापासून जळकोटपर्यंत. आणि जाहीर केलं की ज्या मिस्त्रीचं इंजिन जिंकेल त्याला जळकोटला सडकेवरचं आपलं पत्र्याचं शेड दुकानाला देणार.

ते शेड मला पाहिजे होतं. आण्णाच्या हाताखालनं सुटायला मला दुसरी वाट नव्हती.

तीन महिने आम्ही त्या इंजिनाला भिडलो होतो. आण्णाचं डोकं, माझे हात. पिस्टन उंच डोक्याचा पाहिजे, म्हणजे आत दाब वाढतो. तसला विकत कुठं मिळणार? आण्णानं घरातली ॲल्युमिनियमची पातेली वितळवली. घरातली म्हणजे माझ्या बायकोनं नांदायला येताना आणलेली. विचारलं नाही, उचलली. इंजिनाचं डोकं मी काचेवर वाळू टाकून घासत बसलो, रोज केसभर. हवा आत जायच्या आणि धूर बाहेर पडायच्या वाटा काडीला एमरीचा घासकागद लावून आरशासारख्या गुळगुळीत केल्या. ती एमरी सोलापूरहून करोडगिरीच्या जकात नाक्यावरनं धोतरात लपवून मीच आणली. बोटांची सालटं गेली. तेलाच्या जागी एरंडेल, कारण तापलं तरी ते पातळ होत नाही. वजन कमी करायला आण्णानं गाडीवरचं जे जे सुटेल ते काढलं. इंजिन बंद करायची कळसुद्धा काढून फेकली. म्हणाला, बंद कशाला करायचं, पळवायचंय ना?

कार्बोरेटरवरची जाळी काढून तिथं पितळेचा उघडा भोंगा बसवला. भोंग्यानं इंजिन हवा भरपूर ओढतं, पण कचराही ओढतं. म्हणून गाडी उभी असताना त्यात फडक्याचा बोळा घालून ठेवायचा, हे काम माझ्याकडं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी धीर करून मालकांना सांगितलं की निम्म्याहून जास्ती काम माझ्या हातचं आहे, शेडचा विचार करताना ध्यानात असू द्या. मालकांनी तिथल्या तिथं आण्णाला बोलावून विचारलं. दहा माणसं बसली होती.

आण्णा म्हणाला, "ह्यो? ह्यो नुसती कानस ओढतो. गाढवाला शिकवलं तर त्येबी ओढंल."

सगळे हसले. मालक पान थुंकायला उठले ते हसतच. मीही हसलो, दुसरं काय करणार.

जत्रेच्या दिवशी गाडी देवळापुढं उभी केली. आमच्याकडं नवं काही देवाच्या दारातनं निघालं की त्यावर भंडारा उधळायचाच. बैल असो, मोटार असो, हळदीनं पिवळी झाल्याशिवाय कुणी पाऊल टाकू देत नाही. आण्णा गाडीवर बसला होता, पुजारी त्याच्या कपाळाला भंडारा लावत होता. मान न वळवता त्यानं मला विचारलं, "बोळा?"

मी म्हणालो, "हाय, आण्णा."

आणि बोळा माझ्या मुठीत होता. आत्ताच काढला होता. येळकोट येळकोट जय मल्हार झालं, मुठीच्या मुठी हळद उडाली, भोंग्याच्या तोंडात गेलेली मी डोळ्यांनी बघितली. मला वाटलं गाडी दोन मैलांवर खोकत बसेल, लोक आण्णाला हसतील. तेवढंच पाहिजे होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं तर त्या घडीला तो मेला तरी चाललं असतं.

गाडी खोकली नाही. उधळली. कार्बोरेटरात हँडलच्या मुठीनं वरखाली सरकणाऱ्या झडपेला एरंडेलाचा हात लावलेला, त्यात हळद कालवली गेली आणि झडप पूर्ण उघडली ती तशीच चिकटून बसली. मी मालकांच्या मोटारीतनं मागं होतो. नळदुर्गाच्या पुढं आण्णानं व्यापाऱ्याला मागं टाकलं. मालक सीटवर उड्या मारत होते. मला मात्र आवाजावरनं कळलं, हा मूठ सोडतोय आणि इंजिन ऐकत नाही. बंद करायची कळ नव्हतीच. जळकोटच्या अलीकडं ओढ्याच्या पुलाशी वळण आहे. आण्णा वळला नाही.

उजवा पाय सोलापूरच्या दवाखान्यात गुडघ्यापासून कापला. व्यापाऱ्याला मागं टाकलं, तेवढ्यावर खूश होऊन मालकांनी शेड मला दिलं. म्हणाले, दोन पायांचा मिस्त्री आता तूच.

आण्णा शुद्धीवर आल्यावर मी त्याला म्हणालो, की क्लच तरी दाबायचा होता, चाक इंजिनापासून मोकळं झालं असतं, तुम्ही वाचला असता.

तो म्हणाला, "दाबला असता तर इंजिन मोकळं पळून फुटलं असतं. तीन महिन्यांची तुझी मेहनत हुती त्यात."

त्यानं शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. कार्बोरेटरातली हळद मी आधीच रॉकेलनं धुऊन टाकली होती.

पुढं एकवीस वर्षं आण्णा माझ्याच शेडात स्टुलावर बसून कानस ओढत होता. माझ्यावर हात उचलला नाही, माझी पोरं खेळवली. जे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, ते इंजिन माझ्या भावानं घासलं होतं. आणि रिकामा झाला की ती झडप हातात घ्यायचा, उजेडाला धरायचा, बोटानं कडा चाचपायचा. अडकली कशी, हे त्याला सापडत नव्हतं. एकदा मीच म्हणालो, भंडारा गेला असंल, आण्णा. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

आण्णानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "भंडारा कसा जाईल? बोळा तू लावला हुतास," म्हणाला, आणि परत कानस मागितली.