सगुणामायनं धरलेली शिडी

सगुणामाय गेल्याची बातमी मला शिडीनं सांगितली. पेपर तपासायला म्हणून मी यवतमाळला गेले होते. एसटीतून मारेगावला उतरले, पिशवी सावरत घरी आले, तर माझ्या ओसरीच्या भिंतीला तिची बांबूची शिडी टेकलेली. ही शिडी मागितली की मिळायची, पण दिवस मावळायच्या आत परत गेली नाही तर सगुणामाय स्वतः दारात हजर व्हायची. ती शिडी अशी बेवारस उभी पाहून मी पिशवी ओसरीवरच टाकली. तेवढ्यात तिची सून गया समोरून आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाई गेल्या, बाई. शिडी मास्तरीनच्या घरी पोचव, येवढंच सांगतलं होतं त्यायनं." मला रडू यायला हवं होतं. आली ती लाज. ती का, हे आज इतक्या दिवसांनी लिहायला बसले आहे...

मी मारेगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले तेव्हा छप्पन सालची बौद्ध धम्माची दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या वस्तीतले पुष्कळ लोक नागपूरला जाऊन आले होते, आणि त्यांत सगुणामाय पुढे होती. कापूस वेचणारी, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत बाई. मी आले त्याच सुमारास तिनं एक टोपली घेतली आणि घरोघर फिरून देव्हाऱ्यातले देव गोळा केले. माझ्या आईचे देव मी ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते, तेही मी मुकाट्यानं काढून दिले. टोपली डोक्यावर घेऊन ती नदीवर गेली आणि देव पाण्यात सोडून मोकळी होऊन आली. पाचही शीलं ती नुसती म्हणायची नाही, पाळायची. त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, तर तिनं इतकं मनावर घेतलं होतं, की वरण शिजलं का असं विचारलं तरी आधी डाळ चिमटीत दाबून बघायची आणि मग उत्तर द्यायची. शेजारच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, त्यांनी हिला विचारलं, तर म्हणाली, "भाकर करपवते, पन मनाची गोड हाये." पोरीच्या आईनं कपाळाला हात लावला, सोयरीक मात्र जुळली. सगुणाबाईचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळं गाव म्हणायचं.

मी नवऱ्यामागं एकटी. सासरी थारा नव्हता, माहेरी कोणी उरलं नव्हतं. शाळेच्या मागची भाड्याची खोली सोडून मी वस्तीच्या कडेला एक घर विकत घेतलं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, पुढे ओसरी, आत एक खोली आणि तिच्यावर लाकडी माळा. आपलं स्वतःचं घर! ज्या दिवशी किल्ली हातात आली त्या दिवशी मी गावभर मिरवले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी झोप उडाली. भाड्याच्या खोलीत पोपडा पडला की पोपडाच पडायचा, इथं पोपडा पडला की मला भिंत पडलेली दिसे. खांबाला उधई लागली का म्हणून मी नखानं लाकूड उकरून पाहायची आणि माझ्या उकरण्यानंच खांबाला खड्डा पडला. उत्तरेच्या भिंतीला एक बारीकशी भेग होती. ती वाढली की नाही हे मी शाळेत जाताना पाहायची आणि आल्यावर पुन्हा पाहायची. वानरांची टोळी धडाधड कवेलूंवरून गेली की माझ्या छातीत धडधड. वर्गात मी पोरांना गणित घालायची आणि मन माझं आढ्यावर. कोणाला सांगावं तर लाज वाटे. लोक म्हणाले असते, एकट्या बाईला घर कशाला हवं होतं? आणि खरं सांगायचं तर, मी स्वतःच स्वतःला ते म्हणत होते.

आई नेहमी म्हणायची, नव्या घराच्या आढ्याला नारळ बांधावा, घर धरून ठेवते. मी वणीच्या बाजारातून चटणीला म्हणून एक नारळ आणला. दार लावून घेतलं, माळ्यावर चढले, लाल फडक्यात गुंडाळून आढ्याच्या बांबूला, कवेलूंच्या अगदी खाली, अंधारात बांधून टाकला. ज्या तोंडानं मी पोरांना नवस-सायास, उतारे-पातारे सगळं सोडून द्या म्हणून सांगत होते, त्याच तोंडानं मी नारळाला म्हटलं होतं, बाबा, एवढं घर सांभाळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यानंतर मला झोप लागू लागली.

आता आमच्याकडची रीत अशी, की मिरग लागायच्या आत कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, पालापाचोळा झाडायचा. हे काम सावडीनं होतं. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, अशी वस्तीतली माणसं एकमेकांच्या छपरांवर चढतात. माझ्याकडेही माणसं आली. पण कवेलू उचलले की नारळ दिसणार! मी म्हटलं, आज नको, शाळेची तपासणी आहे. मग म्हटलं, आज नको, अंगात कणकण आहे. हसू नका. नारळ मुकाट्यानं काढून टाकता आला असता, हे मलाही कळत होतं. दोनदा माळ्यावर चढलेसुद्धा. पण गाठीला हात लावला की वाटे, आपण काढला आणि घर बसलं तर? राहू द्यावा तर अब्रू जाते, काढावा तर घर जातं... अशी माझी गत. तिकडे वानरांनी फोडलेले कवेलू तसेच उघडे. ज्या घरासाठी नारळ बांधला त्याच घराचं मी त्या नारळापायी वाटोळं करत होते.

शेवटी सगुणामाय शिडी खांद्यावर घेऊनच आली. "काहून व माय, मानसायले परत पाठवून राह्यली? आभाळ पाह्यलं काय?"

"सावड फेडायला माझ्याकडे माणूस नाही, माय," मी म्हटलं. ते खरं होतं, पण खरं कारण ते नव्हतं.

तिनं शिडी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मानसं नको त नको. तूच चढ. मी शिडी धरतो."

मी चढले. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि चढले. पाहायला वस्ती जमली. पलीकडचे डोमाजीबुवा काठी आपटत आले. "बाईमानसानं आढ्यावर पाय देऊ नये, घराचा धनी मरते!" सगुणामाय शिडीजवळून हललीसुद्धा नाही. "हिचा धनी कवाचाच मेला, बुवा. आता या घराची धनी हेच हाये. हे काय सोताच्या पायानं मरते काय?" लोक हसले. वर बसल्या बसल्या मीही हसले, आणि कवेलू उचलायला लागले. नारळाजवळचे कवेलू हळूच फेरायचे, तो दिसू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण उंदरांनी ते फडकं कुरतडून ठेवलं होतं. मी वरचा कवेलू काढला, खालचा धरायला गेले, हात निसटला, आणि तो नारळ लाल चिंध्यांसकट सुटून छपरावरून गडगडत गेला. अंगणात पडला तो थेट सगुणामायच्या पायाशी.

डोमाजीबुवा वाकून म्हणाले, "नारय! अन् लाल फडक्यातला!"

सगुणामायचा एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर होता. शिडी धरायची तिची तीच पद्धत. दोन्ही हातांनी बाजू पकडायची, पायरीवर पाय द्यायचा आणि मान खाली घालून भिंतीकडे पाहायचं. वर चढणाऱ्या बाईकडे ती कधी पाहत नसे. आताही तिनं वर पाहिलं नाही. भिंतीकडेच पाहत, तिच्या त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "वांदरायनं टाकला असन. मारोतीच्या पारावरून उचलून आनतेत मेले."

आणि सगळ्यांनी मान डोलावली. मी बोलले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. पण सगुणाबाई म्हणते म्हणजे वानरच.

मी खाली उतरले. माणसं पांगल्यावर तिनं नारळ माझ्या हातात दिला. "फोड." मी पाट्यावर फोडला. आतलं पाणी आटून गेलं होतं, खोबरं काळं आणि खवट. तिनं बोट लावून वास घेतला. "याच्यानं चटनी बी होत नाही, घर काय धरते?" एवढंच बोलली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी विहारात वंदना होती. मी नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी बसले. सगळ्यांबरोबर तिचा आवाज चढत होता. पहिलं शील, दुसरं, तिसरं... आणि चौथ्याला तो थांबला. ओठ मिटलेले. पाचव्याला पुन्हा सुरू. घरी जाताना मी धीर करून विचारलं, "माय, चौथं म्हटलं नाही तुम्ही?"

"या आठोड्यात मोडलं ना म्या. मोडलेलं कायले म्हनाव?" ती म्हणाली, आणि कापसाच्या भावाचं काहीतरी बोलू लागली. मला मात्र भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या भीतीची किंमत तिनं तिच्या चांगुलपणातून मोजली होती, आणि उपकाराचा एक शब्द काढला नव्हता.

त्यानंतर दर वर्षी जेठात मी माझ्या छपरावर चढले आणि तिनं शिडी धरली. माझी भीती गेली असं म्हणणार नाही. अजूनही वारा सुटला की मी भेगेकडे पाहते. फक्त आता पाहून झालं की माती कालवून ती लिंपते. गेल्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं, तर ती खाली पाटावर बसली आणि बसल्या बसल्या पायरीवर पाय ठेवला. तेवढ्या पायाचा किती भार पडणार होता? पण त्या पायावर माझा भरवसा होता.

ती गेली, आणि तिच्याच घराचे कवेलू फेरायचे राहून गेले होते. तिचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर. मी गयाला म्हटलं, मी चढते. शिडी नेली, चढले. फुटके काढले, नवे बसवले, आणि आढ्यापाशी आले. तिथं... लिहायला हात जड होतो, पण लिहिते. मी कवेलूंखाली हात घालून चाचपू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला तिच्या आढ्याला नारळ हवा होता. लिंबू, बिब्बा, काळा दोरा, काहीही चाललं असतं. वाटत होतं, एवढी खंबीर बाई, हिलाही कधी भीती वाटली असेल. आतून कुठं काहीतरी बांधून ठेवलं असेल. ते सापडलं असतं तर आम्ही दोघी सारख्या झालो असतो, आणि माझी इतक्या वर्षांची लाज अर्धी झाली असती.

तिथं काही नव्हतं. बांबू, धूळ आणि चिमणीच्या जुन्या घरट्याच्या काड्या.

खालून गयानं मान वर करून विचारलं, "काय पाहून राह्यल्या, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. "उंदरानं कुठं कुरतडलं का ते पाहते."

रविवारी वंदनेला गेले. माझ्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. पहिली तीन शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. चौथ्याला ओठ मिटून बसले.