कोंडणे, सांभाळणे वगैरे क्रियापदं

किस्से जमवायला मी कधी बसले नाही. पंधरा-वीस बायका, एक फळा आणि दुपारचा रिकामा वेळ एका जागी आला की ते आपोआप होतात, आणि कुणाला सांगितले नाहीत तर माझं पोट दुखतं. म्हणून सांगून टाकते!

शाळेतून रिटायर झाले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आता आराम कर." आराम कुणाला हवाय! पुंडलिकनगरात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी बायकांचा इंग्रजीचा क्लास काढला. नियम एकच. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. क्रियापद शिकलं की त्याचं वाक्य आपल्या घरातलं आणि खरं पाहिजे. ह्या नियमानं लई घोळ घातले.

मागच्या उन्हाळ्यात क्रियापदं चालू होती कोंडण्याची आणि सांभाळण्याची. शेल्टर, लॉक, केज, फेन्स, प्रोटेक्ट, स्टोअर. पहिल्याच दिवशी जाधवबाई उठल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "माय मदर-इन-लॉ लॉक्स द फ्रीज!"

त्यांची सासू नेमकी गेटजवळ भाजी निवडत बसलेली. तिथनंच ओरडली, "अगं, सगळी आंबावडी एकटी खातीस म्हणून लावते!"

म्हणजे म्हातारीला इंग्रजी कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन पहिल्या रांगेत हजर. म्हटलं, आजी, तुम्ही कशाला? तर म्हणाली, "माझ्या पाठीमागं ही काय काय खरं सांगते, ते कळाया नको व्हय?"

* * *

आमची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी रुक्मिण. माहेर अजिंठ्याकडचं, वडलांची मेंढरं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात थोरल्या दिरांचा कारभार. तिला एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या नोकरीची मुलाखत होती, तीही इंग्रजीत, आणि ती तिला काहीही करून मिळवायचीच होती. "बाई, मला माझ्या हातचा पगार पायजे," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. दिरांना हे अजिबात मान्य नव्हतं.

'फेन्स' शिकवताना मी तिला म्हटलं, तुझ्या माहेरचं सांग. ती म्हणाली, रात्री मेंढरांभोवती जाळी लावतात.

मी विचारलं, "म्हणजे मेंढरं पळू नयेत म्हणून?"

"नाय बाई. मेंढरू कुठं पळतंय! लांडगा आत येऊ नाय म्हणून."

मग मागून मंदाताई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "आमच्याकडं तोच आत असतोय, बाई!"

त्या दिवशी पुढचं काही शिकवून झालं नाही.

* * *

आता आमचे चेअरमन. एवढ्या बायका हसतात हे त्यांच्या डोळ्यांवर आलं. बोर्ड लावला, 'पार्किंग फक्त वाहनांसाठी.' मला म्हणाले, "मॅडम, नियम म्हणजे नियम. इथं गाडी ठेवता येते, माणूस नाही."

मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक बाई वाहन घेऊन आली. कुणी पोराची सायकल, कुणी लुना, मंदाताई नातवाची बाबागाडी. जाधवबाईंच्या सासूबाईंनी तर तीनचाकी आणली, खेळण्यातली, दोरीनं ओढत! सगळी रांगेत लावली आणि शेजारी आम्ही बसलो. शबाना आपा आपली भाजीची हातगाडी घेऊन आल्या, ती मधोमध उभी केली आणि वरच मांडी घातली.

चेअरमन धावत खाली आले. आपा शांतपणे म्हणाल्या, "गाडी तो पार्क कर दी ना साब. अब डायवर को बी उठाते क्या?"

बोर्ड अजून आहे. त्यावर आम्ही डस्टर अडकवतो.

* * *

'स्टोअर' शिकवलं त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आपल्याकडं पाणी रोज थोडंच येतं! येतं तेव्हा सणासारखं येतं. म्हटलं, पाणी कशाकशात साठवता, सांगा. ड्रम, हंडे, कळशी, कुकर, दुधाची कॅन, पोराचा टब, लग्नातलं घंगाळ, सगळं झालं.

मी विचारलं, "काही राहिलं का?"

मंदाताई म्हणाल्या, "घरात जे हाय त्यात समद्यात भरतो बाई. फक्त नगरसेवकाचं आश्वासन तेवढं गळकं निघालं!"

तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" आणि पार्किंगमध्ये मी आणि फळा एवढेच उरलो.

* * *

मुलाखत सोमवारी होती. आधीच्या आठवड्यात रुक्मिणचे दीर स्वतः क्लासवर आले. नमस्कार वगैरे अगदी व्यवस्थित. म्हणाले, "मॅडम, आमच्या घराण्यातली बाई हॉटेलात काम करत नाही. आम्ही तिला सांभाळतो. तिला कशाची कमी हाय?"

मी म्हटलं, "तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? ती आमच्या घरातली हाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "घरातलं तर कपाटही असतं. त्याला विचारत नाहीत. हिला विचारावं लागेल!"

रुक्मिण उभी राहिली. "भाऊजी, मी सोमवारी जाणार हाय." दीर स्कूटरला किक मारून निघून गेले. मला तेव्हाच बरं वाटलं नाही.

शुक्रवारी रुक्मिण आली नाही. जाधवबाई तिच्याच गल्लीतल्या, त्या धापा टाकत आल्या. "बाई, जाऊ पोरांना घेऊन माहेरी गेलीय, आन् दिरानं दाराला भाइरून कुलूप घातलंय! ती खिडकीत उभी हाय."

मी फळा उचलला. बायकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेतल्या. आपांनी हातगाडीवर जाधवबाईंच्या सासूबाईंना बसवलं. आणि आमचा क्लास रुक्मिणच्या खिडकीसमोर, भर गल्लीत, सुरू झाला.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ," मी विचारलं. गजाला धरून रुक्मिण उत्तर देत होती. चुकली की आम्ही सगळ्या ओरडून बरोबर सांगत होतो. गल्लीतली माणसं गच्चीत आली, किराणावाल्यानं गिऱ्हाईक सोडलं. तिचे डोळे भरले होते, पण उत्तर थांबलं नाही.

तेवढ्यात दिरांची स्कूटर आली. एवढी गर्दी बघून चेहराच उतरला त्यांचा. "अहो, चुकून लागलं कुलूप!" असं म्हणत त्यांनी घाईघाईनं ते काढलं आणि किल्लीसकट कडीला अडकवलं. मग सगळ्यांच्या देखत एकदम गोड झाले. "या, या, बसा. चहा टाकतो मी. मीच टाकतो!" आणि आत गेले.

रुक्मिण बाहेर आली. येताना एक खुर्ची घेऊन आली. दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप दाबलं, किल्ली पर्समध्ये टाकली. माझ्यासमोर येऊन बसली, पदर नीट केला.

"हां बाई. विचारा पुढचा प्रश्न."