रंगावर बसवलेली एरियल

ती जीप आजही डोळ्यांसमोर उभी राहते आणि डोकं तापतं. खाकी उतरवून मी आता पूरपट्ट्यात गावोगाव फिरते, तरीही.

शिरोळ भागात नेमणूक होती. नदीतून चोरटी वाळू उपसणाऱ्यांवर धाड टाकायला निघालो की काठावर फक्त ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे सापडायचे. आम्ही निघताच कुणीतरी खबर देत होतं. सरकारी गाडी लांबून ओळखू येते म्हणून आम्ही भाड्याची घ्यायचो. तिचा चालक ठाण्यात घरच्यासारखा वावरायचा. पावसाळा तोंडावर असताना एके सकाळी तोच माझ्या टेबलाशी आला.

"म्याडम, खालच्या गावात एक जीप हाय. मोठ्या टायरची, चिखलात घालायची. तिला पोलिसांसारखी एरियल बसवलीया. तुम्ही निघाला की जीपवालं पोरगं देवळाजवळनं वाळूवाल्यास्नी वायरलेस सेटवर सांगतंय, आन बंधाऱ्यावरनं उत्तर येतंय. माझ्या कानानं ऐकलंय की."

जीप ठाण्यात आणली. मालक शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, विशीतला. हौशी, म्हणजे हॅम रेडिओचा परवाना त्याच्याकडे आणि त्याच्या चुलतभावाकडे, दोघांकडेही होता. मागच्या पुरात मोबाईलचे टॉवर बंद पडले, त्याची आत्या पोराबाळांसकट छतावर बसून राहिली आणि ती कुठे आहे हे बोटवाल्यांना कळलंच नाही. म्हणून हा सेट, असं तो म्हणाला.

"किती लांब पोचतो?" मी विचारलं.

"हितनं थेट जोतिबाच्या डोंगरापतुर. एक नंबर काम हाय, म्याडम."

आमचा ठाणे अंमलदार हसला. "मिटलं. पावण्यानं स्वतःच कबुली दिली."

वरून आदेश आला, जीप जप्त करा, गुन्हा नोंदवा. जप्तीतली गाडी म्हणजे काय, हे कोणत्याही ठाण्याच्या मागे जाऊन बघा. गवतात गंजते, टायर जातात, निकाल लागेपर्यंत सांगाडा उरतो. इथे तर पाऊस दारात होता. एका माणसाच्या नुसत्या बोलण्यावर एका गावाचा आवाज बंद करायचा? मला ते पटेना. पंचनाम्याआधी मी बिनतारी विभागाच्या हवालदारांना बोलावून घेतलं.

त्यांनी वाकून एरियलचा पाया पाहिला. "ही रबराची चकती कशाला?"

"रंग जायला नको म्हणून. नवा रंग हाय, साहेब. आईनं पसंत केलाय."

"आणि छत कापडी. अरे बाबा, एरियलच्या पायाला गाडीचा उघडा पत्रा लागतो. तू तिला रंगावर, वर रबरावर बसवलीस. ही बोलणार कशी?"

पोरगं गोरंमोरं झालं. मी विचारलं, "कुठपर्यंत बोललायस खरं?"

"घरापासनं गोठ्यापतुर."

आम्ही जीप देवळाजवळ नेली. चुलतभावाला हातातला सेट देऊन पोलिसासोबत बंधाऱ्यावर पाठवलं. हाका मारून मारून नुसती खरखर. शेवटी चुलतभावाचा मोबाईलवरून फोन आला, "आरं, बोलतोयस का नुसताच बसलायस?"

मग मी चालकाला तिथेच बोलावलं. काय ऐकलंस, पुन्हा सांग म्हटलं. त्याने आणखी मीठमसाला लावून सांगितलं. बंधाऱ्यावरचा आवाज म्हणे घंटेसारखा स्वच्छ होता. मी सेटचा माईक त्याच्या हातात दिला.

"आपला माणूस बंधाऱ्यावर उभा आहे. विचार त्याला, जेवला का."

त्याने बटण दाबलं, विचारलं, कान लावून थांबला. पुन्हा विचारलं. नंतर माझ्याकडे बघेना. मोबाईल मागितला तेव्हा हात मागे घेतला. प्रत्येक धाडीच्या आधी त्यावरून एकाच नंबरला फोन गेला होता, वाळूवाल्याला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं सांगितलं. पोराच्या गाडीवरची काठी साऱ्या गावाला दिसली. आमच्यात बसून चहा पिणाऱ्याच्या खिशातला फोन आम्हाला दिसला नाही.

जीप त्याच दिवशी सोडली. हवालदारांनी पोराला पॉलिश पेपर दिला. "घास."

"म्याडम, आई मारंल."

"आईला मी सांगते. घास."

त्याने तोंड वाकडं करत घासलं, पत्रा चमकला, चकती गेली. पुन्हा बंधाऱ्यावर गेलेला चुलतभाऊ सेटवरून ओरडला, "आता कान फुटला की रं!"

त्या पावसाळ्यात पाणी आलंच. टॉवर पुन्हा मुके झाले. उंचवट्यावरच्या रस्त्यावर ती जीप उभी होती आणि खालच्या गावातून चुलतभाऊ घर सांगत होता, माणसं सांगत होता, आजारी कोण ते सांगत होता. बोट सरळ त्या दारात जात होती. आत्या पहिल्याच फेरीत बाहेर आली.

चौकशीत मी हे शिकले की साक्षीदार ओळखीचा असला तरी त्याचं बोलणं जागेवर नेऊन तपासायचं, आणि बढाई मारणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. एरियल दिसली की संशय घ्यायची सवय आपल्या हाडात आहे. ती मोडा. पूरपट्ट्यातल्या पोरांना परवान्याची परीक्षा द्यायला लावा, त्यांच्या गाड्या तपासा, सेट पावसाआधी वाजवून बघा. ठाण्यांनी त्यांना आरोपीच्या बाकावर नको, शेजारच्या खुर्चीवर बसवावं. काही गावांत हे सुरू झालंय. ज्या गावात अजून नाही, तिथे मी उद्या जाणार आहे.