ठमाबाईचं शेवटचं वाक्य

मानपाड्याच्या त्या गल्लीत प्रभाकर तावडेला सगळे 'लेखक' म्हणत. किराणावाला म्हणे, इस्त्रीवाला म्हणे, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरंही म्हणत. त्यात थोडा मान होता, बरीचशी थट्टा होती, आणि प्रभाकरला दोन्ही कळत होतं. त्याची एकुलती एक कादंबरी कधीकाळी छापून आली होती, तेव्हा तो ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून होता. शीळफाट्याच्या गर्दीत बस अडकली की मांडीवर पॅड घेऊन त्याने ती लिहिली. डोंबिवलीच्या एका वाचनालयाने शाल आणि नारळ दिला. नारळाची चटणी झाली, शाल अजून कपाटात आहे.

खरं लिखाण निवृत्तीनंतर करायचं, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. निवृत्ती आली, खिडकीपाशी टेबल आलं, आणि लिखाण मात्र आलं नाही. त्याने उपाय सगळे केले. टेबलाचं तोंड फिरवून पाहिलं. पहाटे उठून पाहिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून शाईचं पेन आणलं. गावी चुलतभावाच्या घरी एकटा जाऊन राहिला आणि फणसपोळी घेऊन परत आला. त्याची बायको विमल समजूतदार होती, ती विचारत नसे. पण तो टेबलाशी बसला की ती टीव्हीचा आवाज कमी करायची, आणि त्या कमी केलेल्या आवाजाची त्याला फार लाज वाटायची.

बिल्डिंग होती काळुराम भोईरची. काळुराम इथला मूळचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. जिथे आता पार्किंग आहे तिथे त्याच्या बापाने भात लावलेला. शेत विकलं, थोडी जागा ठेवून बिल्डिंग बांधली आणि वरच्या मजल्यावर तो स्वतः राहू लागला. प्रभाकर नवाच लग्न होऊन भाड्याने आला, पुढे ती खोली त्याने विकत घेतली, आणि ह्या दोन माणसांचं का कोण जाणे गूळपीठ जमलं. रविवारी प्रभाकर वर जायचा. काळुराम गावकीच्या भानगडी सांगायचा. काळुरामची बायको ठमाबाई तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढ्यात ठेवायची. असं वर्षानुवर्षं चाललं.

गेल्या दिवाळीनंतर ठमाबाई आजारी पडली आणि हॉस्पिटलातून घरी आलीच नाही.

तेव्हापासून जाण्यायेण्याची दिशा बदलली. काळुराम दुपारी खाली येऊ लागला. गळ्यात सोन्याची जाड चेन, अंगात पांढरा शर्ट आणि चेहरा पार उतरलेला. टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायचा आणि ठमाबाईबद्दल बोलायचा. पोरगा हितेश कामाच्या गडबडीत, सून घरच्या. ऐकायला निवांत असा प्रभाकरच होता. प्रभाकर ऐकायचा, मान हलवायचा, पाणी द्यायचा. पहिले काही दिवस त्याने फक्त मित्र म्हणून ऐकलं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मग एका दुपारी काळुराम गेल्यावर तो सहज टेबलाशी बसला आणि हात चालू लागला. पान भरलं, दुसरं भरलं. विमल चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली आणि पावलं न वाजवता मागे फिरली. प्रभाकरला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. मित्राची बायको मेली म्हणून आपलं लिखाण सुटलं, हे त्याला कळलं होतं. त्याने ते स्वतःशी कबूलही केलं, आणि दुसऱ्या दिवशी काळुरामची वाट पाहत बसला.

कादंबरी शेताची होत गेली. काळुरामने एकदा सांगितलं की शेत विकायच्या दिवशी ठमाबाई बांधावर जाऊन बसली होती. प्रभाकर पुढे सरकून बसला. मग काळुरामला आणखी आठवत गेलं. ती त्या दिवशी जेवली नाही. मग आठवलं की नव्या घरात यायला ती तयार नव्हती. मग असंही आठवलं की पैसे आले तेव्हा तिने त्यांना हात लावला नाही. प्रभाकर रोज हे उतरवत होता. मातीसाठी झुरणारी बाई त्याच्या पानांवर अशी उभी राहत होती की लिहिलेलं पान तो स्वतःच पुन्हा पुन्हा वाचायचा. ठाण्याच्या प्रकाशकांना त्याने फोन करून कादंबरी येतेय म्हणून सांगूनही टाकलं. काळुरामला मात्र सांगितलं नाही. सांगू, पुरं झाल्यावर सांगू, असं तो रोज ठरवायचा.

आणि मग काळुराम सावरायला लागला.

गावच्या क्रिकेटच्या सामन्यांना त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. तिथे त्याने नाणेफेक केली, फेटा बांधून घेतला, फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी खाली आला तो सामन्याच्याच गोष्टी घेऊन. शेवटच्या ओव्हरमध्ये कोण कसा आऊट झाला ते तो हातवारे करून सांगत होता, मधेच हसलाही. कुठल्याही भल्या माणसाला बरं वाटलं असतं. प्रभाकरला वाटलं, माझं शेवटचं प्रकरण राहिलं. हा विचार मनात आला तेव्हा तो स्वतःच दचकला, पण विचार काही गेला नाही. आठवडाभर त्याने दम धरला. पान कोरं ते कोरंच. ती जुनी अडलेली वर्षं पुन्हा त्याच्या छातीवर येऊन बसली.

तेव्हा एका दुपारी काळुराम क्रिकेटचं सांगत असताना प्रभाकरने मधेच विचारलं, "काळू, शेवटी हॉस्पिटलात ती शेताबद्दल काही बोलली का रे?"

त्याने आवाज हळवा काढला होता. तो आवाज खोटा होता, आणि तो काढताना प्रभाकरला ते ठाऊक होतं.

काळुराम बोलायचा थांबला. बराच वेळ त्याने प्रभाकरकडे पाहिलं, टेबलावरच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "बोलली. शेत इकलंस तवाच मी मेली, असा बोलली." आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरने शेवटचं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं. आयुष्यात त्याने इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा विमलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने एवढंच विचारलं की हे काळूभाऊंना माहीत आहे का. प्रभाकर म्हणाला, सांगणारच आहे.

काळुराम त्या दिवशी खाली आला नाही. नंतरही आला नाही. मग एका संध्याकाळी हितेश दारात उभा राहिला. बाबा धड जेवत नाहीत, सामन्यांचं बोलावणं आलं तर नको म्हणाले, आईच्या फोटोकडे पाठ करून झोपतात, असं त्याने सांगितलं. "काका, तुमच्याशीच ते बोलतात," तो म्हणाला. "काही झालेलं का इथे?"

काही नाही, असं प्रभाकर म्हणाला. हितेशने विश्वास ठेवला, आणि प्रभाकरला तेच जास्त लागलं. मित्राच्या भरत आलेल्या जखमेवरची खपली आपण हाताने काढली, आणि का, तर एका प्रकरणासाठी. आता काय व्हायचं ते होवो, कादंबरी गेली तरी जावो, सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून तो जिना चढला.

काळुराम पलंगावर पडला होता. भिंतीवर ठमाबाईचा फोटो, हार वाळलेला. प्रभाकरने खुर्ची ओढली आणि थेट बोलायला सुरुवात केली. तू सांगत होतास ते मी लिहीत होतो, म्हणाला. त्या दिवशी मुद्दाम विचारलं, म्हणाला.

"माहीत हाय," काळुराम म्हणाला.

"कसं?" प्रभाकरने विचारलं.

"मी उठून जायचा, का तुजा पेन चालायचा. जिन्यावरनं खिडकीतून दिसतो ना तू." काळुराम उठून बसला. "शेताचा नाव काढला का तुजे डोले चमकायचे. मंग मी शेताचा सांगत गेलो. पयला खरा होता, ती बांधावर बसलेली, पाय दुखत होते म्हनून. बाकीचा मीच लावला."

प्रभाकरला आधी नीट समजेचना. काळुरामने मग सगळं सांगितलं. शेत विकलं तेव्हा ठमाबाई खूश होती. बरं झालं, कंबर सुटली, म्हणाली होती. चिखलात वाकून वाकून तिच्या आईची पाठ धनुष्यासारखी झालेली तिने पाहिली होती, तिला ते नको होतं. नव्या घरात सगळ्यात आधी तीच शिरली आणि नळ सोडून पाणी बघत बसली. पैशांना हात लावला नाही कसला, स्वतः सोनाराकडे जाऊन पाटल्या निवडून आणल्या. आणि हॉस्पिटलात शेवटी ती काहीच बोलली नव्हती. तोंडात नळी होती.

"मग तू मला हे असं का सांगितलंस?" प्रभाकरने विचारलं.

"तुजा अडलेला. इतकी वर्सा अडलेला. ती पन मना बोलायची, भाऊचा कायतरी होयाला पायजे. ती गेल्यावर मना वाटला, तिच्या नावानी तुजा सुटला तर सुटू दे." काळुरामने तोंडावरून हात फिरवला. "पन आता मनाच ती तशी दिसते रं. रागावलेली. तिच्यावर मी खोटा आल घेतला. खरी कशी बोलायची ते आठवाया बसलो तर माजाच खोटा कानात येतो."

स्वतःची बायको मेल्यावर ह्या माणसाने आपल्याला द्यायला तिच्या आठवणी काढल्या, आणि संपल्या तेव्हा तिलाच मोडून दिलं, आणि आपण ते चवीने घेतलं. प्रभाकरला मान वर करवेना.

"तू तर दर रविवारी यायचास," काळुराम म्हणाला. "तू लेखक मानूस. तुला आठवत असंल. काय बोलायची ती? एक तरी सांग."

प्रभाकर आठवू लागला. भाकरी आठवली. चटणीचा तिखटपणा आठवला. तांब्या पुढे करणारा हात, त्यावरच्या पाटल्या आठवल्या. तोंडचं वाक्य एकही आठवेना. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं तो जेवला, जिच्यावर अख्खी कादंबरी लिहिली, तिचं एक वाक्य त्याच्यापाशी नव्हतं. पुस्तकातली तिची सगळी वाक्यं त्याची स्वतःची होती, नाहीतर काळुरामने दयेने दिलेली.

"नाही आठवत," तो म्हणाला.

काळुराम रागावला नाही. पुन्हा आडवा झाला, म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तू छाप ते. चांगला झाला असंल तर छाप. माजा काय नाय."

प्रभाकर उठला. दाराबाहेर चपला घालताना त्याने आधाराला चौकट धरली. नेहमी तिथेच धरायचा. आणि तिथेच, पडदा हातात धरून, ती निरोपाला उभी राहायची. प्रत्येक रविवारी. तेव्हा त्याला ते ऐकू आलं, अगदी तिच्या आवाजात, आणि तो चपला तशाच टाकून आत आला.

"भाऊ, लिखान काय बोलतंय?" तो म्हणाला. "असं विचारायची. दर वेळी."

काळुराम ताडकन उठून बसला. "परत बोल."

"भाऊ, लिखान काय बोलतंय?"

"हां," काळुराम म्हणाला. "हां. असाच. 'बोलतंय' बोलायची, जसा काय ते घरातला मानूस हाय." त्याचे डोळे भरून वाहू लागले, आणि त्याने ते पुसले नाहीत. बऱ्याच दिवसांनी तो फोटोकडे तोंड करून बसला. मग त्याने सहज, नुसतं कळावं म्हणून विचारलं, "आनि तू काय सांगायचास?"

प्रभाकरला इथेही काहीतरी छानसं सुचलं असतं. लेखकाला सुचतंच.

"काही नाही," तो म्हणाला. "तिच्याकडे बघायचोही नाही. जाता जाता तुला म्हणायचो, उद्या चहाला खाली ये."

काळुरामने फोटोकडे मान हलवून म्हटलं, "मंग आता सांग तिला."

प्रभाकर फोटोसमोर उभा राहिला. वाळलेला हार त्याने नीट केला, उगीच, हाताला काहीतरी हवं म्हणून. "वहिनी," तो म्हणाला, "सगळं खोटं लिहिलंय. फाडायला लागणार. खालून आणतो, तुमच्यासमोरच फाडतो."

काळुरामने आतल्या खोलीकडे पाहून सुनेला हाक मारली आणि भाऊला चहा टाकायला सांगितलं. दोन भाकऱ्याही टाक, म्हणाला, मीही खातो. चहा आला. प्रभाकर तो हातात धरून ठमाबाईसमोर बसून राहिला, आणि निवला तेव्हा पिऊन कागद आणायला खाली उतरला.