उभ्याने फेडलेला नवस

नवस बोलली तिची सासू, आणि फेडायचा होता तिला. आमच्याकडे असं चालतं. बोलणारं तोंड एकाचं आणि चालणारे पाय दुसऱ्याचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याला विषमज्वर झाला. तो डोळे उघडेना, तेव्हा सासूनं महादेवापुढे पदर पसरला. लेक उठला तर माझी सून शिवरात्रीला घरून डोंगरापर्यंत अनवाणी येईल, पाण्याचा तांब्या भुईला टेकवणार नाही, आणि ते पाणी पिंडीवर घालेपर्यंत कुठं बसणार नाही. लेक उठला.

आमचं गाव सेलूजवळ. तिथून डोंगर म्हणजे अंधारात निघालं तर दिवेलागणीला पोचावं, तेही पाय उचलून. तांब्या हातोहात धरायला सोबतीण लागते. तिनं मला, शेजारणीला, निवडलं.

"तू बोलत नाईस म्हून तुले नेतो," ती म्हणाली. "बडबडी बाई असली तं माहा जीव रस्त्यातच जाईल."

शिवरात्रीच्या आधी ती रोज चप्पल काढून वावरात जायची. तूर कापल्यावर उरलेले खुंट टोचायचे, तरी हसायची. पण एकदा धुणं धुताना तिनं मला खरं सांगितलं. "मधात बसली, आन् उद्या त्याले साधी सर्दी झाली, तरी माह्याच डोस्क्यावर येईल वं. जलमभर." तिला चालण्याची भीती नव्हती, लोकांच्या बोलण्याची होती.

आम्ही निघालो तेव्हा पुढं गडीमाणसं होती, त्यांत तिचे दोन दीर. सासू आणि म्हाताऱ्या बायका बैलगाडीनं मोठ्या रस्त्यानं येणार होत्या. पायवाटेला बायका आम्ही दोघीच.

सकाळ बरी गेली. धाकटा दीर मागं वळून म्हणाला, "वहिनी, गाडी बोलावू का?"

"तुमीच बसा भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं लगन व्हायचं हाये, पाय जपा."

सगळे हसले. मीही हसले.

पुढं नाल्यापाशी तिनं मला खूण केली. आम्ही पळसाच्या झुडपामागं गेलो. मी पाठ फिरवून तांब्या धरून उभी राहिले. बराच वेळ काही हालचाल नाही म्हणून वळून पाहिलं, तर ती तशीच उभी.

"काऊन वं?"

"बसायचं नाई ना."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नवस बोलताना सासूनं कशाकशाचा विचार केला असेल, पण बाईमाणसाच्या या गोष्टीचा कोणी केला नव्हता. मी म्हटलं, कोणाला तरी विचारू. ती म्हणाली, "कोणाले? भाऊजीले? मेली तरी नाई इचारणार. तूबी तोंड उघडू नोको. माही आन हाये तुले." मग उभ्यानंच जे व्हायचं ते झालं. लुगडं खालून भिजलं. तांब्या तिच्या हाती देऊन मी नाल्याच्या पाण्यानं ते धुऊन दिलं, मग तिनं अंगावरच पिळलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती.

त्यानंतर तिनं पाणी सोडलं. उपास होता, पण पाणी चालत होतं. तिच्यासाठी मी फिरकीच्या तांब्यात वेगळं पाणी घेतलं होतं. तो पुढं केला की ती मान फिरवायची. "प्याली का पुन्हा तेच."

जंगल लागलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पळस फुलला होता, पण सावली त्याची कसली. वाटेवर मुरूम आणि बांबूचे काटे. तिच्या टाचेतून रक्त यायचं, त्यावर माती बसायची, पुन्हा फुटायचं. मी पदर तिच्या डोक्यावर धरून चालले. तिला चक्कर आली तेव्हा तांब्या छातीशी घेऊन मी पाठ पुढं केली आणि ती माझ्यावर रेलली.

पुढून एका म्हाताऱ्यानं पाहिलं. "टेकलं तं चालते. फक्त बसू नोको."

त्यापुढं जागोजागी मी अशी भिंत होऊन उभी राहिले. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. घाम मात्र थांबला होता.

डोंगराच्या चढावर ती मला माय म्हणू लागली. तांदूळ निवडले का, असं विचारू लागली. मी पिण्याच्या पाण्यात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं, तर तिनं दात मिटून घेतले. धाकटा दीर आता गंमत करत नव्हता. तो पुढं चालून वाटेतले दगड बाजूला करत होता.

पिंडीवर तिनं पाणी घातलं आणि त्याच ओल्या फरशीवर बसली. सासू आधीच पोचली होती. तिनं सुनेचे पाय मांडीवर घेतले आणि रडत त्यांना तेल लावलं. मी सासूच्या कानाशी जाऊन नाल्यापासून काय झालं ते सांगितलं.

"अवो येडे!" सासू आधी हसलीच. "त्याले कोणी नवस मोडला म्हणते का? मीबी माह्या सासूपायी चालली होती. लागलं तवा गेली झुडपाआड. साऱ्याच जातेत." मग तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

गाडीत तिला पाणी पाजलं, ते उलटलं. घरी आल्यावर लघवीच होईना. तोंड सुजलं, मग पाय. नवऱ्यानं तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. पाणी तुटल्यानं आतून इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "ते बरे हायेत ना?" मी हो म्हटलं. तो बाहेर व्हरांड्यात बसला होता, धडधाकट.

ती दवाखान्यातून परत आली नाही.

गावात बायका म्हणाल्या, नवस पुरा करून सवाष्ण गेली, भाग्याची. तिला कोणी काही बोललं नाही. ज्याला ती भीत होती तेवढं टळलं.

पुढच्या शिवरात्रीला एका नव्या सुनेचा नवस होता. मी नुसती पाहायला पारापर्यंत गेले. गडीमाणसं, पोरं, सगळे जमले होते. माझ्या गेलेल्या सोबतिणीची सासू गर्दीतून पुढं आली. एरवी गड्यांसमोर पदर तोंडावरून न काढणारी बाई, पण साऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"पोरी, पाणी पेजो. रस्त्यात लागलं तं झुडपाआड बसजो. त्यानं नवस मोडत नाई. सांगून ठेवतो, मोडत नाई!"

गड्यांनी माना खाली घातल्या. मागं दोन पोरी पदर तोंडाला लावून हसल्या. धाकटा दीर आपल्या मायचा हात धरून तिला घराकडं नेऊ लागला, तरी ती मागं वळून तेच सांगत राहिली.